हे म्हणत होते

स्पॅनिश शिकायला मी काही हौसेने गेले नव्हते. हैदराबादला बी.ए. करत होते, वसतिगृहात राहत होते, आणि संध्याकाळ कशात तरी घातली नाही तर घरच्या आठवणीने रडू फुटायचं. म्हणून परक्या भाषेच्या वर्गात नाव घालायचं ठरवलं. फ्रेंचचा वर्ग भरलेला होता, जर्मनचा सकाळी असायचा. उरलं ते स्पॅनिश. आदिलाबाद जिल्ह्यातल्या, पैनगंगेच्या काठच्या आमच्या गावात ही बातमी पोचली तेव्हा मोठेबाबांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाने, मला विचारलं, "त्या देशात वांगे होते का?" मी म्हटलं, होत असतील. "मंग शिक," ते म्हणाले. आमचं घर भाजीवाल्यांचं. जिथे वांगी होतात तिथली माणसं अगदीच वाया गेलेली नसणार, असा त्यांचा हिशोब होता.

ही नव्वदच्या दशकातली पहिली वर्षं. वर्गाला शिकवणाऱ्या बाई मूळच्या तिकडच्याच, लग्न होऊन हैदराबादला आलेल्या. सुती साडी नेसायच्या आणि मधल्या सुट्टीत डब्यातलं आंब्याचं तिखट लोणचं आमच्यापेक्षा जास्त खायच्या. संक्रांतीच्या सुट्टीआधी त्यांनी एक नवा धडा घेतला. कोणी कोणाला पूर्वी काही मागितलं असेल, सांगितलं असेल, आणि ते आपण आता तिसऱ्याला सांगत असू, तर जे करायला सांगितलं त्या क्रियापदाचं रूपच बदलतं. 'मे पिदिओ के एस्पेरारा.' तिने मला विनवलं, की मी थांबावं. वर्गात उसासे उठले. मुलं पाढे म्हणावे तशी रूपं पुटपुटू लागली. मला मात्र त्यात काहीच जड वाटलं नाही. थांबावं, यावं, द्यावं, सोडावी. दिवसभर असंच बोलणारं एक माणूस माझ्या घरी होतं.

कोणीतरी विचारलं, रूप बदलतं तरी कशासाठी? बाई म्हणाल्या, "मागणारा फक्त मागतो. पुढे ते झालं की नाही, हे त्या वाक्यात नसतं. ते ऐकणाऱ्याच्या हातात असतं." मग त्यांनी सुट्टीचा अभ्यास दिला. घरी जा, कोण कोणाला काय मागतं ते कान देऊन ऐका, आणि पानभर वाक्यं लिहून आणा. बाकीच्यांनी तोंडं वाकडी केली. मला हसू आलं, कारण असल्या वाक्यांवरच आमचं घर चालायचं.

आमच्या घरात बाबा आणि मोठेबाबा एकमेकांशी बोलत नसत. भांडण शेताचं नव्हतं की विहिरीचं नव्हतं. मी पाचवीत होते तेव्हा धाकट्या आत्याचं लग्न झालं. आमच्याकडे मानपानात वरपक्षाकडून टॉवेल-टोपी देतात, आणि ती आधी घरातल्या थोरल्याला द्यायची असते. वराच्या मामाने ती घाईघाईत बाबांच्या हातात दिली, कारण बाबा जवळ उभे होते. बाबांनी ती घेतली. मोठेबाबा मांडवातून उठले आणि न जेवता घरी आले. त्यांची समजूत काढायला बाबांनी जायला हवं होतं. बाबा गेले नाहीत. "मीनं काय मागतली होती का टोपी?" हे त्यांचं म्हणणं. टोपी पुढे उंदरांनी कुरतडली, पण अबोला शाबूत राहिला.

अंगणात कमरेएवढी मातीची भिंत आली. मोठेबाबांची बायको अबोल्याच्या आधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. मला बासरला नेऊन सरस्वतीपुढे तांदळात पहिलं अक्षर गिरवायला लावलं ते त्यांनीच, बाबांनी नव्हे. भिंत आली तरी त्यांचं ताट आमच्याच चुलीवरून जायचं. विहीर एक, मोटर एक, आदिलाबादच्या बाजाराला माल नेणारी गाडी एक. आणि या सगळ्याचं बोलणं करायचं ते मायने.

सकाळी वीज यायची आणि पहिली ठिणगी पडायची. बाबा अंगणात उभे राहून ओरडत, "त्याले सांग, मोटर काय बापाची हाय का? फाटेपासून एकटाच पानी घेऊन राह्यला!" बाप दोघांचा एकच होता, पण ते असो. माय हातातलं काम ठेवायची, डोक्यावर पदर घ्यायची, भिंतीशी जायची आणि भासऱ्याकडे, म्हणजे थोरल्या दिराकडे, न बघता कुठेतरी कडुलिंबाकडे बघत म्हणायची, "भाऊजी, हे म्हनत होते, तुमचे वाफे भिजले असन तं मोटर इकडं सोडावी. वांगे माना टाकून राह्यले."

मोठेबाबा ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे विचार करायचे. मग म्हणायचे, "त्याले सांग, एक वाफा राह्यला. अन् बाप काढाचं काही काम नाई म्हना." माय इकडे वळायची. "भाऊजी म्हनते, एवढा एक वाफा होऊ द्यावा, मंग लगेच सोडतो." बापाचं प्रकरण तिने वाटेतल्या दोन हात अंतरात गिळून टाकलेलं असायचं.

गंमत अशी की भिंत कमरेएवढीच होती. दोघांनाही एकमेकांचा शब्द न् शब्द ऐकू यायचा. तरी माय सांगत नाही तोवर दोघं तसेच थांबायचे, जसं काही कोणी काही बोललंच नाही. ऐकलेलं त्यांच्या लेखी खरं नव्हतं. मायने सांगितलेलं तेवढं खरं. लहानपणी मला याचं काही वाटायचं नाही. सगळ्या घरांत असंच असतं, अशी माझी समजूत होती. पुढे मैत्रिणीच्या घरी दोन काका एका ताटात जेवताना पाहिले तेव्हा मीच लाजले.

संक्रांतीला घरी आले तेव्हा माय ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी तिच्याजवळ बसले आणि नवा धडा सांगितला. तिला परक्या देशांचं फार नवल. मी म्हटलं, "माय, त्यांच्यात कोणाचं मागणं दुसऱ्याला सांगायचं असलं तर शब्दाचं रूपच वेगळं असतं. आपलं सोडावी, द्यावं असतं ना, तसं."

ती शेंग हातात धरून थांबली. "म्हंजे त्याइच्यात बी भाऊ-भाऊ बोलत नसन."

"असं काही नाही गं."

"नाई कसं? उगाच कोन ठेवीन वेगळं रूप? कोन्या तरी बाईले सांगत बसा लागत असन दिवसभर." आणि तिला त्या दूरच्या बाईची खरोखर दया आली. "बिचारी," ती म्हणाली.

अभ्यासाला मी त्याच दिवशी लागले. बाबांनी मोठेबाबांना सांगितलं की त्यांनी मोटर सोडावी. मोठेबाबांनी बाबांना सांगितलं की त्यांनी बैल सावलीत बांधावे. बाबांनी मला सांगितलं की मी चहा ठेवावा. वाक्यं भराभर होत होती. मग मायचं एक वाक्य लिहावं म्हणून मी दोन दिवस कान लावून बसले. ती तिखट कमी म्हणायची नाही, पाणी दे म्हणायची नाही, जरा इकडे ये असंही म्हणायची नाही. तिच्या तोंडून सतत मागणी निघत होती आणि त्यातली एकही तिची नव्हती.

"माय, तू कोणाला काही मागतच नाहीस का?" मी विचारलं.

"मांगाचं काय त्याच्यात? सगळं तं हाय घरी."

तिच्याकडे नीट बघायला लागले म्हणूनच ते माझ्या लक्षात आलं, नाहीतर मीही बाकीच्यांसारखीच आंधळी. भिंतीपासून परत येताना ती भिंतीचा आधार घेत होती. विहिरीवरून येताना वाटेतल्या दगडावर बसत होती. ओठ अगदी पांढरे पडले होते. मी विचारलं तर म्हणाली, थंडी हाय. मग गोठ्यामागे वाळत घातलेली जुनेरी दिसली, एवढी की मी तिथेच उभी राहिले. परत येऊन तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, आता सांग.

तिने शेंगांवरची नजर न काढता सांगितलं. पाच-सहा महिने झाले, अंगावरून जाणं थांबतच नव्हतं. भाजीच्या गाडीबरोबर ती एकदा आदिलाबादला गेली होती आणि एकटीच डॉक्टरीणबाईंना दाखवून आली होती. त्या तेलुगूत म्हणाल्या, "रक्तम् तक्कुवा." रक्त कमी. पिशवी काढावी लागेल, उशीर केला तर आमच्या हातात राहणार नाही. नंतर काही महिने वजन उचलायचं नाही, जमलं तर माहेरी जाऊन राहायचं.

"मग?"

"मंग काय. मिरची तुटली का पाहू."

"बाबांना सांगितलंस?"

"कशाले?" ती म्हणाली. आणि मग खरं कारण सांगितलं. "मी गेली तं याइचं त्याइले अन् त्याइचं याइले कोन सांगीन?"

मला तिचा राग आला. बाबांचा आला, मोठेबाबांचा आला, त्या कुठल्या वराच्या मामाचाही आला. आणि रागाच्या खाली भीती होती. माय मरू शकते, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. दोन म्हातारे होऊ घातलेल्या भावांचे निरोप अडू नयेत म्हणून ती मरेल आणि मरतानाही कोणाला काही मागणार नाही, हे मला स्वच्छ दिसलं.

मी वाडीत गेले आणि बाबांना सांगून टाकलं. ते वांग्याच्या सरीत पाणी फिरवत होते. फावडं टेकवून ते बांधावर बसले. मग म्हणाले, "मले काऊन नाई सांगतलं तिनं?"

"तुमी विचारलं का?"

ते मातीचं ढेकूळ हातात घेऊन फोडत राहिले. त्यांचे डोळे भरले होते, ते मी पाहिलं आणि माझा अर्धा राग उतरला. घरी येईपर्यंत त्यांनी ठरवलं होतं. मामांचं गाव नदीपलीकडे, तिथून यवतमाळ जवळ. यवतमाळला ऑपरेशन करायचं, मग मायने माहेरी राहायचं. परवा निघायचं. पण वाडी? वांगी तोडणीला आलेली, मिरची लाल होत होती, दोन दिवस पाणी चुकलं तर सगळं बसणार. वाडी सांभाळू शकेल असं एकच माणूस होतं आणि ते भिंतीपलीकडे बाजेवर बसून दोर वळत होतं.

आणि मग बाबांनी ते केलं, जे आमच्या घराखेरीज कुठे घडलं नसतं. अंगणात उभं राहून, आठ-नऊ वर्षांच्या सवयीने, त्यांनी हाक मारली, "अवं, त्याइले सांग, तिले दवाखान्यात न्याचं हाय. चार दिवस वाडी पाहावी म्हना."

तिले म्हणजे जिला सांगत होते तिलाच. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. आणि माय, जिला मी तासाभरापूर्वी बळजबरीने झोपवलं होतं, ती उठली. मी म्हटलं, "माय, तू कशाला? मी सांगते." तिने हाताने मला गप्प केलं. पदर घेतला, ओसरीच्या दोन पायऱ्या हळूहळू उतरली आणि भिंतीशी गेली.

मोठेबाबांनी अर्थातच सगळं ऐकलं होतं. दोर वळणारे त्यांचे हात थांबले होते.

"भाऊजी," माय कडुलिंबाकडे बघत म्हणाली, "हे म्हनत होते..."

तिथे ती अडली. इतकी वर्षं तिने दोघांचे कसकसले शब्द धुऊन, निवडून पलीकडे पोचवले होते. पण हा निरोप तिच्याबद्दलचा होता. बाईचा आजार, आणि सांगायचा भासऱ्याला. तिच्यापाशी त्याला शब्दच नव्हता. बाबा खाली बघत होते. मला वाटलं, ती आता परत फिरणार आणि मिरची तुटली का पाहू म्हणणार.

तिने भिंतीवर हात ठेवला. "हे नाई," ती म्हणाली. "मी म्हनते. भाऊजी, मले बरं नाई. मले जाऊ द्या. वाडीकडं पाहा."

मोठेबाबा उठले. धाकट्या भावाच्या बायकोकडे ते कधी सरळ बघत नसत. तेव्हा बघितलं. "जाय बाई," ते म्हणाले. "आंधी काऊन नाई सांगतलं?" दोघं भाऊ एकाच आईचे खरे, प्रश्नही एकच. मग ते आत गेले आणि त्यांची घोंगडी घेऊन आले. भिंतीवरून माझ्या हातात देत म्हणाले, "बसमंदी वारा लागते. पांघरून दे तिले."

मला वाटलं होतं की आता ते बाबांशी बोलतील. नाही बोलले. बाबाही नाही बोलले. दोघांनी माझ्याकडे बघितलं आणि आपापल्या दारात गेले.

ऑपरेशन नीट झालं. बाबा आठवडाभर यवतमाळला राहिले, मायला मामांकडे सोडून परत आले. मी कॉलेज बुडवून घरी थांबले, कारण भाकरी कोणी तरी थापायला हव्या होत्या आणि निरोप कोणी तरी न्यायला हवे होते. भाकरी वाईट व्हायच्या. निरोप त्याहून वाईट व्हायचे.

सुरुवातीला मी ठरवलं, आपण जसंच्या तसं सांगायचं. तरुणपणी खरेपणाचा फार माज असतो. "मोठेबाबा, बाबा म्हणतात मोटर काय तुमच्या बापाची आहे का." त्यावर जे झालं ते दोन दिवस चाललं, आणि कोथिंबिरीचा अख्खा वाफा त्यात वाळला. वास्तविक त्यांनी ते भिंतीवरून आधीच ऐकलेलं होतं. पण मी सांगितल्यावर ते खरं झालं.

मग मी मायची नक्कल करायला गेले. "मोठेबाबा, बाबांनी अशी विनंती केली आहे की आपण मोटर सोडावी." ते माझ्याकडे बघतच राहिले. "हे काय तहसीलीतली दरखास्त वाचून राह्यली का पोरी?" धडा पाठ होता, रूप बरोबर होतं, पण मायचं ते काही वेगळंच होतं. ती पलीकडच्याची अडचण आधी बोलायची आणि आपलं मागणं नंतर. तुमचे वाफे भिजले असन तं. हे मला पुस्तकातून येणारच नव्हतं.

आणि मग एका सकाळी बाबा नेहमीसारखे ओरडले, "त्याले सांग..." आणि थांबले. माझ्याकडे बघून, जरा खालच्या आवाजात, म्हणाले, "तुही माय असती तं कसं म्हनली असती?"

मी म्हटलं, "म्हणाली असती, तुमचं झालं असन तं."

"मंग तसंच म्हन."

दोन-तीन दिवसांनी भिंतीपलीकडूनही तेच. "त्याले म्हना, बैल... थांब. त्याच्या बैलाले ऊन लागत असन, सावलीत बांधावा." हळूहळू दोघं आपापला निरोप स्वतःच धुऊन द्यायला लागले. मला फक्त तोंड फिरवून तो पुन्हा म्हणायचा असायचा. पण तेवढं लागायचंच. तेवढ्यासाठी मी चूल सोडून भिंतीशी जायचे आणि मनातल्या मनात मायचे पाय धरायचे.

हैदराबादला उशिरा परतले तेव्हा अभ्यासाचं ते पान मी बाईंना दिलं. त्यांनी ते उभ्याउभ्याच वाचलं. मग विचारलं, "तुमच्या आईने स्वतः काही मागितलं असं यात दोनदाच आहे. बाकी सगळं इतरांचं. खरंच दोनदाच?" मी म्हटलं, माझ्या माहितीत दोनदाच. पहिलं भिंतीशी झालं ते. दुसरं त्यानंतर महिन्याभराने.

मी अजून गावीच होते आणि फेब्रुवारी संपत आला होता. दोघांनी मला मायला आणायला पाठवलं. निघताना बाबा म्हणाले, "तिले म्हन, आता बरं असन तं यावं. घर खायले उठते." भिंतीशी गेले तर मोठेबाबा म्हणाले, "म्हना, पोरीच्या भाकरीनं दात हालून राह्यले. तब्येत सांभाळून यावं." दोघांचे निरोप इतके मऊ होते की मला त्यांत काही करायला उरलंच नव्हतं. बसमध्ये मी ते मनात घोळवत गेले.

मामांच्या अंगणात माय उन्हात बसली होती. मामी तिच्या केसांना तेल लावत होती, आणि शेजारी मायची लहानपणची एक मैत्रीण बोरं खात होती. मी फाटकातच थांबले. माय हसत होती. मोठ्याने, मान मागे टाकून. आमच्या घरात मी तिला तोंडावर पदर धरून हसताना पाहिलं होतं. हा आवाज मला माहीतच नव्हता. तिचे ओठ लाल झाले होते, गाल जरा भरले होते. मला तिथेच रडू आलं आणि ते डोळ्यांत धूळ गेली म्हणून खपवलं.

मी दोघांचे निरोप सांगितले. तिने पुन्हा सांगायला लावले. मग म्हणाली, "तुह्या त्या भाषेत म्हनून दाखव." मी म्हटलं, भाकरी आणि हलणारे दात यांसकट. तिघी इतक्या हसल्या की माय पोटाला हात लावून म्हणाली, "हासवू नोको वं, टाके दुखते." हसणं ओसरल्यावर तिने विचारलं, "असंच म्हनले ते? यावं म्हने? तू गोड तं नाई केलं?"

"नाही गं. असेच म्हणाले."

मला वाटलं, आता उठेल आणि गाठोडं बांधेल. मामीलाही तसंच वाटलं असावं, ती तेलाची वाटी उचलायला लागली. माय एक बोर हातात फिरवत बसून राहिली.

"मले अजून राह्यचं हाय," ती म्हणाली.

"दुखतंय का अजून?"

"नाई. बरी हाय मी. दवाखान्यासाठी नाई." ती मामीकडे, मैत्रिणीकडे, अंगणाकडे बघत होती. "असंच. राहू वाटते." आणि मग मला म्हणाली, "सांगशीन का त्याइले?"

"कसं सांगू?"

तिने जरा विचार केला. इतक्या वर्षांत किती निरोप तिने घडवले असतील. "मी म्हनलं तसंच सांगजो," ती म्हणाली. "गोड करू नोको."

मी एकटीच परत आले. बस फाट्यावर सोडून चालत गावात शिरले तेव्हा ऊन कलत होतं. बाबा अंगणात उभे होते, मोठेबाबा बाजेवर. दोघंही माझ्या मागे रस्त्यावर बघत होते, माय मागून हळूहळू येत असेल म्हणून. मी पिशवी ठेवली आणि भिंतीचं टोक जिथे संपतं तिथे जाऊन उभी राहिले. दोनदा सांगायची मला ताकद नव्हती.

"माय बरी हाय," मी म्हटलं. "माय म्हने, मले अजून राह्यचं हाय. दवाखान्यासाठी नाई. असंच. राहू वाटते."

बाबा पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. मायच्या निरोपाला नेहमी एक मऊ शेपूट असायचं, ते ऐकायची त्यांना सवय होती. मी काही जोडलं नाही. त्यांचा चेहरा उतरला. ते माझ्याकडे बघून चाचरत म्हणाले, "पन मिरची... अन् घरी इथं..."

मोठेबाबा बाजेवरून उठले. भिंतीशी आले, दोन्ही हात तिच्यावर ठेवले. मी सवयीने तोंड त्यांच्याकडे केलं, निरोप घ्यायला. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते.

"राहू दे तिले," ते बाबांना म्हणाले.

बाबांनी मान वर केली. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मी तशीच उभी राहिले.

"हो भाऊ," ते म्हणाले. "राहू दे."

त्या वर्षी मिरची दोघांनी मिळून तोडली, आणि माय होळी करूनच आली.